उशीच्या अभ्र्याचं पाप

"लाल झाला! अगं बाई, हिचाही लाल झाला!"

लॉन्ड्रीच्या जेवणाच्या खोलीत एकच गलका उडाला. बाकांवर जागा उरली नव्हती म्हणून बायका टेबलांवर चढल्या होत्या. मागच्या काही जणी तर चादरी वाहायच्या ट्रॉल्यांमध्ये उभ्या होत्या. खोलीच्या मधोमध, मुकादमबाईंच्या गादीच्या खुर्चीत, लेपमाई बसली होती. पांढरेशुभ्र कपडे, कपाळापासून हनुवटीपर्यंत चोपडलेलं काहीतरी चमचमतं, आणि मांडीवर चांदीच्या रंगाची वाटी. वाटीत पिवळा लेप.

समोर बसलेल्या बाईचा तळहात तिने धरला होता. आत्ता, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, त्या तळहातावर तिने पिवळा लेप लावला होता आणि तो बघता बघता लाल झाला होता. साधासुधा लाल नाही, वाळलेल्या रक्तासारखा.

"बघा," माई हळू आवाजात म्हणाली. ती नेहमी हळूच बोलायची. म्हणजे ऐकायला बायकांना पुढे वाकावं लागायचं, आणि वाकलेला माणूस निम्मा पटलेलाच असतो. "त्वचा म्हणजे आत्म्याची खिडकी. रक्तातला दोष खिडकीपाशी येऊन उभा राहिलाय. माझा लेप त्याला फक्त ओढून दाखवतो. मी काही करत नाही हं. मी कोण करणारी?"

मग तिने एका छोट्या बाटलीतून 'तेजोजला'चे थेंब टाकले. लाल रंग पुन्हा पिवळा झाला! सगळ्या खोलीने एकदम श्वास सोडला.

"दोष आत गेला का हो माई?" कुणीतरी विचारलं.

"गेला नाही. शांत झाला. बाटली रोज वापरलीस तर जाईल."

बाटली अर्थातच विकत होती.

त्या बाईचा तळहात फुटलेला होता. बोटांच्या पेरांवर चिरा पडलेल्या, अंगठ्याच्या मुळाशी कातडी सोललेली. मी तो हात ओळखत होते. त्या हाताने माझी वेणी घातली जायची. ती बाई माझी आई होती.

आमच्या भागातली ही लॉन्ड्री मोठी आहे. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे पडदे, मंगल कार्यालयांचे टेबलक्लॉथ सगळं इथे येतं. आत शिरलं की डावीकडे भिजवणीच्या टाक्या. न निघणारे डाग तिथे धुण्याच्या सोड्यात भिजतात आणि बायका ते हाताने चोळतात. उजवीकडे इस्त्रीच्या लांबच लांब मेजांची रांग आणि घड्या घालायची जागा. आई टाकीवाली. तिची जिवलग मैत्रीण भोंगामावशी हीसुद्धा टाकीवाली. मावशीचा आवाज यंत्रांच्या वर चढतो म्हणून हे नाव, आणि तिला ते फार आवडतं.

आईचे हात वर्षभरापासून फुटत होते. कातडीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "सोड्याने झालंय हे. मलम लावा आणि कामावर रबरी हातमोजे घाला." आईने दोन्ही केलं. हात भरून यायला लागले. पण हातमोजे घालून काम जरा सावकाश होतं, आणि मुकादमबाईंना सावकाश हा शब्द चालत नाही. "काय गं, ऑपरेशन करतेस का चादरीचं?" असं येता-जाता सुरू झालं.

आणि नेमकी तेव्हाच लेपमाई उगवली. मुकादमबाईंची कोण लांबची ओळख होती म्हणे. माईने सांगितलं, "हातमोज्यात दोष कोंडतो, बाटलीला बूच बसवावं तसा. मलम म्हणजे तर वरून लिंपण. आतलं आत सडतं." मुकादमबाईंनी मान डोलावली. आईने हातमोजे खुंटीला लावले आणि मलमाची ट्यूब कपाटात मागे सारली.

आता माझं सांगते. मी नववीत आहे. गेल्या वर्षीपर्यंत मी चेहऱ्यावर केस ओढून चालायचे, कारण माझ्या गालांवर पुटकुळ्यांची वसाहत होती. अजूनही आहे. पण या वर्षी एक दिवस आरशासमोर उभी राहून मी ठरवलं की बास! चेहरा माझा आहे, मी त्याचे लाड करणार. तेव्हापासून दर रविवारी सकाळी आमच्या न्हाणीघराबाहेरच्या ओट्यावर माझं सलून उघडायचं. वाटलेले ओट्स, दही, थोडासा मध, चिमूटभर हळद, सगळं स्वयंपाकघरातलं. डोळ्यांवर काकडीच्या चकत्या. आईच्या टाचांसाठी कोमट पाण्याचं घमेलं आणि नंतर खोबरेल तेल. पैसे म्हणाल तर जवळजवळ काहीच नाही. पुटकुळ्या त्याने गेल्या का? नाही, मुळीच नाही. पण तो तासभर आम्ही दोघी राण्या असायचो. आई पाय घमेल्यात सोडून भिंतीला टेकायची आणि म्हणायची, "आज मला कुणी हाक मारू नका." आठवड्यात ती फक्त तेव्हाच बसलेली दिसायची.

माईने तेसुद्धा बंद केलं. त्याला कारण मीच झाले.

पहिल्यांदा मी शाळेतून थेट लॉन्ड्रीत गेले होते, तेव्हा माईने मलाही पुढे ओढलं. लेप पिवळाच राहिला. "निर्मळ! कोवळं मन!" माई म्हणाली आणि आईचा चेहरा उजळला. पुढच्या आठवड्यात शाळा लवकर सुटली. आई टाकीवर एकटीच होती, म्हणून मी तिच्यासोबत ओल्या चादरी पिळू लागले. तशीच ओल्या हातांनी माईसमोर जाऊन बसले. लेप लावला आणि तळहात लालभडक!

खोलीत कुजबुज झाली. माईने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग आईकडे.

"मुलगी आरशासमोर फार उभी राहते का?"

"हो माई," आई अपराध्यासारखी म्हणाली. "रविवारी तोंडाला काही ना काही लावते. घरचंच."

"तिथून शिरला! रूपाचा गर्व. घरचं काहीबाही थापलं की रंध्रं उघडतात आणि व्हायब्रेशन बिघडतात. बंद कर ते. मुलीला लागलेला दोष आईच्या हातांवर उतरतो."

म्हणजे आईचे हात माझ्या ओट्समुळे फुटले होते. ऐकलंत ना? दही लावलं मी आणि चिरा पडल्या तिला!

मला रडू आलं नाही. मला राग आला, आणि राग आला की माझं डोकं फार छान चालतं. एका आठवड्यात मी अशी काय पापिणी झाले? गणिताच्या सरांच्या पाठीमागे तोंडं वेडावली, एवढंच. ती तर मी त्याआधीही वेडावत होते.

मी खोलीत मागे जाऊन उभी राहिले आणि कुणाचे हात लाल होतात ते बघू लागले. भोंगामावशी लाल. तिच्या शेजारची टाकीवाली लाल. तिसरी टाकीवालीही लाल. मग इस्त्रीवाली आली, पिवळी. दुसरी इस्त्रीवाली पिवळी. घडी घालणारी पिवळी. आणि मुकादमबाई, ज्यांनी कधी पाण्यात बोटसुद्धा बुडवलेलं मी पाहिलं नाही, त्या तर अशा पिवळ्याधमक की माईने त्यांचा हात सगळ्यांना फिरवून दाखवला. "पुण्याई!"

वा! म्हणजे पापसुद्धा विभागवार वाटलेलं! डावीकडे पापी, उजवीकडे पुण्यवान, आणि मधून जायला चिंचोळी वाट.

अजून एक गोष्ट माझ्या कानांत अडकली. दर वेळी सुरुवातीला माई म्हणायची, "हात धुऊ नका हं. कष्टाचे हात जसे आहेत तसे आणा. पाण्याने दोष लपतो."

का बरं?

रविवार आला. आईने ओट्सचा डबा वरच्या फळीवर ठेवून दिला होता. मी स्टूल घेतलं. ती अंगणात कपडे वाळत घालत होती, आणि मी न्हाणीघराचं दार लावून तोंडाला लेप थापला. चोरून केलेल्या कामाला घाई असते. लेप पातळ झाला आणि हनुवटीवरून ओघळून थेट धुवायला काढलेल्या शाळेच्या पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर पडला. मी शर्ट नळाखाली धरला आणि कॉलरवर साबण घासला.

पिवळा डाग लाल झाला.

मी किंचाळलेच.

"काय गं?" आईचा आवाज बाहेरून आला.

"डाग! कॉलरला! लाल!"

"हळदीचा असेल," आई चिमटे लावता लावता म्हणाली. "साबणाला, सोड्याला लाल होतोच तो. घाबरू नकोस. धू आणि उन्हात टाक."

मी साबण हातात घेऊन तशीच उभी राहिले. दही नाकावरून टपकत होतं. मग दार उघडून बाहेर धावले.

"आई, आत्ता काय म्हणालीस?"

"उन्हात टाक म्हटलं. आणि हे तोंडाला काय? बये, तुला सांगितलं होतं ना!"

"त्याच्या आधी काय म्हणालीस?"

"हळदीचा डाग सोड्याला लाल होतो. त्यात नवीन काय आहे? वर्षानुवर्षं बघतेय मी. टेबलक्लॉथ टाकीत टाकले की निम्मे लालेलाल."

"आणि तुझे हात दिवसभर कशात असतात?"

आईचा चिमटा दोरीवरच थांबला. क्षणभर मला वाटलं, झालं! पटलं! पण तिचा चेहरा उजळायच्या ऐवजी मिटला.

"हात म्हणजे टेबलक्लॉथ आहे का?" ती म्हणाली. "सगळ्यांसमोर मान खाली घालून बसले मी. दोष आहे असं ऐकून घेतलं, तुझ्याबद्दलही ऐकून घेतलं. आणि आता तू म्हणतेस तो नुसता डाग होता?"

"हो!"

"डॉक्टर म्हणतात सोड्याने होतं. मग काय, सोडा सोडू? काम सोडू? हातमोजे घातले की बाई मागे उभ्या राहतात. माई म्हणते दोष आहे, तो निघून जाईल. निघून जाईल असं म्हणणारी ती एकटीच आहे गं."

माणसं मूर्ख असतात म्हणून फसतात असं मला तोवर वाटायचं. माझी आई मूर्ख नाही. ती दमलेली होती.

"शनिवारी महाशुद्धी आहे," ती पुन्हा चिमटे लावत म्हणाली. "माई हातांवर जाड लेप बांधणार. तो तसाच ठेवायचा, सोडायचा नाही. मग सगळं बाहेर येईल."

"उघड्या चिरांवर? आई, पू होईल! डॉक्टर म्हणाले होते—"

"तोंड धू आधी."

त्या दिवशी वेणी घालताना माझे केस तिच्या बोटांच्या चिरांत अडकत होते. प्रत्येक वेळी ती हात हळूच सोडवून घ्यायची. तिला वाटलं, मला कळत नाही.

सोमवारी मी विज्ञानाच्या मॅडमना गाठलं आणि सगळं घडाघडा सांगून टाकलं. त्या हसल्या. "आम्ल आणि अल्कली या धड्यात तू झोपली होतीस वाटतं. हळद हा दर्शक आहे. अल्कली लागलं की लाल, आम्ल लागलं की परत पिवळा. साबण आणि सोडा अल्कली, लिंबू आणि व्हिनेगर आम्ल."

"मग तेजोजल म्हणजे लिंबू?"

"मला काय माहीत? मी बघितलेलं नाही. वास घे. आणि मी सांगितलं म्हणून मानू नकोस, करून बघ."

मी करून बघितलं! जुन्या रुमालावर, भांड्याच्या काथ्यावर, स्वतःच्या कोपरावर. दर वेळी लाल, दर वेळी लिंबाने पिवळा. मग मला जी कल्पना सुचली, ती सुचल्यावर मी पलंगावर उड्या मारल्या. एक पांढरा उशीचा अभ्रा घेतला, स्वच्छ धुतलेला, खळखळून विसळलेला. सोड्याच्या पाण्यात बोट बुडवून त्यावर काहीतरी केलं आणि अभ्रा वाळवला. वाळल्यावर अभ्रा कोराच्या कोरा दिसत होता.

शनिवारी पाळी सुटली तेव्हा जेवणाच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. माईच्या पायांशी कापडाच्या पट्ट्यांचा ढीग होता. वाटीऐवजी आज मोठं पातेलं होतं. टाकीवाल्या पुढच्या रांगेत बसलेल्या, हात मांडीवर उताणे ठेवून. आई पहिलीच.

"आज रक्त निर्मळ होणार," माई म्हणाली. "ज्याच्या मनात शंका असेल त्याच्या लेपाचा दाह होईल. दाह झाला तर समजा, शंका आहे."

बघा कशी सोय केली होती! चिरांवर झोंबलं तरी चूक आपलीच.

मी पुढे घुसले. मी केस मागे बांधले होते. सगळ्या पुटकुळ्यांसकट चेहरा उघडा.

"माई, एक विनंती आहे," मी शक्य तितक्या गरीब आवाजात म्हणाले. "आमच्या घरच्या या अभ्र्यावर डोकं ठेवलं की मला भलभलती स्वप्नं पडतात. यात पण दोष असेल का हो?"

"ही कोण? ती आरसेवाली मुलगी ना?" माईने अभ्रा हातात घेतला, हुंगला, डोळे मिटले. गर्दी असली की तिला मोह आवरायचा नाही. "आहे. जड आहे. वस्तूंनाही दोष लागतो. तुझ्याच डोक्यातला उतरलाय यात."

"दाखवाल का? म्हणजे सगळ्यांना दिसेल."

आई दात-ओठ खात पुटपुटली, "काय चाललंय तुझं? बस खाली!"

पण माईने बोटं पातेल्यात बुडवली होती. तिने अभ्रा टेबलावर पसरला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत लेप फासला. बायका पुढे वाकल्या.

पिवळ्यावर एक लाल रेघ उमटली. मग दुसरी. रेघांना आकार आला, मात्रा आली, काना आला. अभ्रा सगळ्यांसमोर आपलं पाप कबूल करत होता, तेही शुद्ध, ठळक अक्षरांत.

भोंगामावशीने ते वाचलं, आणि तिचा आवाज तुम्हाला माहीतच आहे.

"सो-डा! अगं, 'सोडा' लिहिलंय त्यावर!"

मागच्या बायका वाचायला टाचा उंचावून पुढे झुकल्या.

"मी लिहिलंय," मी म्हणाले. आता गरीब आवाज कुठच्या कुठे गेला होता. "धुण्याच्या सोड्याने, बोटाने. या लेपात हळद आहे, आणि हळद सोड्याला लाल होते. हे तुम्हाला मी काय सांगायचं? टेबलक्लॉथवरचे डाग टाकीत लाल होताना तुम्हीच रोज बघता! अभ्र्याला पाप नसतं. त्याला सोडा लागलाय. तुमच्या हातांनाही सोडाच लागलाय. म्हणून तर माई हात धुऊ देत नाहीत!"

"बालबुद्धी!" माई पहिल्यांदाच जोरात बोलली. "या मुलीचा अहंकार कापडात उतरला आणि अक्षरं होऊन बाहेर पडला. हाच पुरावा!"

"अहंकाराला शुद्धलेखन बरं येतं," मागून कुणीतरी म्हणालं. दोघी-तिघी फिसकल्या.

मी खिशातून लिंबाची फोड काढली आणि अभ्र्यावर पिळली. 'सो'चा निम्मा भाग पिवळा झाला. "हे तुमचं तेजोजल. बाटलीचं बूच काढून एकदा सगळ्यांना वास घेऊ द्या."

माईने बाटली पटकन कपड्यांत सरकवली. तेवढ्यात मुकादमबाई उठल्या. त्यांचा चेहरा तापला होता.

"पुरे झाला चोंबडेपणा! शाळेत चार अक्षरं शिकली की मोठ्यांची परीक्षा घेतात. सोड्याने लाल होतं म्हणे! माझा हात माईंनी कितीदा पाहिलाय. माझ्या रक्तात दोष नाही, म्हणून तो लाल होत नाही. सोड्यात घाल नाहीतर आणखी कशात घाल!"

"मग घाला ना, बाई," मी म्हणाले.

मी खोटं का बोलू? एवढं सोपं होईल असं मला वाटलं नव्हतं. पण ज्याला आपल्या पुण्याईची खात्री असते त्याला थांबवणं कठीण. त्या तरातरा चालत टाकीपाशी गेल्या, बाही सरकवून हात मनगटापर्यंत बुडवला आणि पाणी निथळत परत आल्या. तळहात पुढे धरला. "लावा, माई. होऊन जाऊ दे."

माईने लेप लावायच्या ऐवजी बोटं पुसली. "आज ग्रहमान—"

"लावा म्हणते ना!"

"मी लावते," आई म्हणाली.

ती कधी उठली मला कळलंच नाही. तिने पातेल्यातून लेप घेतला आणि आपल्या फुटक्या बोटांनी मुकादमबाईंच्या गुळगुळीत तळहातावर पसरवला. खूप सावकाश, एकही कोपरा न सोडता, डाग काढताना पसरवते तसा.

तो लाल झाला. माझ्यापेक्षा लाल, आईपेक्षा लाल. टाकीतून नुकताच आलेला हात, मग काय!

मुकादमबाई स्वतःच्या हाताकडे बघत राहिल्या. "पण सकाळी तर पिवळा होता..."

"सकाळपासून तुमच्या मनात काही आलं असेल," माई घाईने म्हणाली. "क्षणात दोष शिरतो!"

"टाकीतून येईपर्यंत?" भोंगामावशी म्हणाली. "एवढ्या वेळात पाप करायला बाईंनी आम्हाला शिकवायला पाहिजे. आम्हाला तर पाणी प्यायलाही सवड मिळत नाही!"

मग जे हसू फुटलं! ट्रॉल्या हलल्या. एक इस्त्रीवाली हसता हसता टेबलावरून घसरली. दरारा असतो तिथे हसू नसतं, आणि हसू आलं की दरारा परत येत नाही. माईने पातेल्यावर झाकण ठेवलं, पट्ट्या गोळा केल्या. "इथली व्हायब्रेशन बिघडली आहेत," असं म्हणत ती दाराकडे निघाली. वाट कुणी अडवली नाही. पण भोंगामावशीने पातेलं मागे ठेवून घेतलं, "आमच्या पैशांचं बोलू तेव्हा परत देईन," म्हणून. पुढे कळलं की माई साबणाच्या कारखान्यातही असाच दरबार भरवायची. तिथेही बायकांना खूप दोष होता म्हणे!

हसू ओसरलं तेव्हा आई अजून उभीच होती. ती हसली नव्हती. मुकादमबाईंच्या लाल हाताकडे बघत ती म्हणाली, "बाई, आता धुऊन टाका. नाहीतर फुटेल. सोडा आहे."

मग तिने आपले दोन्ही हात पुढे केले. "आमचे दिवसभर असतात त्यात. आमचे फुटतात ते पापाने नाही. सोमवारपासून मी हातमोजे घालणार. सावकाश झालं तर सावकाश."

"मी पण," भोंगामावशी म्हणाली. आणि तिच्या आवाजात म्हटलं की ते सगळ्यांनी म्हटल्यासारखंच असतं. तरीही बाकीच्या टाकीवाल्यांनी आपापल्या तोंडाने म्हटलं. मुकादमबाई नळाखाली हात चोळत होत्या. शेवटी पाठमोऱ्याच म्हणाल्या, "गोदामात जोड्या पडल्यात. काढून ठेवते."

मला तेव्हा कळलं की माईचा लेप त्यांना का आवडला होता. हात पापाने फुटत असतील तर हातमोजे द्यायला नकोत, घाईही कमी करायला नको. खोट्या चमत्काराने कुणाची तरी सोय होत असते. ती कुणाची, हे आधी शोधावं.

आता ज्यांनी एवढं वाचलं त्यांना माझी एक विनंती आहे, आणि अभ्र्याच्या वेळची ती गरीब आवाजातली नव्हे. दही, ओट्स, काकडी, तेल, जे घरात असेल त्याने स्वतःचे खुशाल लाड करा. त्याला मोठी बाटली लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही. पण लाड म्हणजे औषध नाही. कातडी फुटली, चिघळली तर डॉक्टरकडे जा, आणि फुटलेल्या कातडीवर लिंबू तर चुकूनही लावू नका. जो म्हणेल की तुमचं दुखणं तुमच्या पापाचं आहे, त्याला विचारा, कशावरून? जो म्हणेल की शंका घेतली तर गुण येणार नाही, त्याच्यावर दुप्पट शंका घ्या. माझ्यावरही घ्या! चिमूटभर हळद, साबणाची वडी आणि एक जुना रुमाल काढा, आणि स्वतः बघा.

हे सगळं मी रविवारी सकाळी ओट्यावर बसून लिहिते आहे. तोंडाला लेप आहे आणि आईचे पाय घमेल्यात आहेत. मलमाची ट्यूब निम्म्यावर आली आहे. आई माझ्यामागे बसून वेणी घालते आहे आणि मी मुद्दाम लक्ष देऊन बघते आहे. केस तिच्या बोटांतून सरळ निसटतायत, कुठेच अडकत नाहीत.

"हलू नकोस गं," आई म्हणते. "आणि ते लिहिलंस का, की डाग उन्हात टाकला की जातो?"